मोठ्या अक्षरांची प्रत

ओळी वाकड्या दिसायला लागल्या तेव्हा मी सगळ्यात आधी छापखान्याला शिव्या घातल्या. राजेरजवाड्यांची चांगली जाडजूड कादंबरी, आणि दर पानावर मधल्या ओळींना पोट सुटलेलं. सुनेला म्हटलं, "पाह्य बरं, पैसे घेऊन कसं छापतेत हे लोक!" तिने पुस्तक हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "सरळ तं आहे, आई," म्हणाली आणि भात उतरवायला गेली. मी म्हटलं, हिला काय कळतं पुस्तकातलं, आणि पुढचं प्रकरण उघडलं.

आमचं घर कारध्याला, नदीकाठी. मी भंडाऱ्याच्या पोस्टात काउंटरवर बसून निवृत्त झाले. मुलगा कामासाठी पुण्याला असतो. सून पुलापलीकडे भंडाऱ्यात एका मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, दिवसभर उभी असते. संध्याकाळी स्कूटीवरून परत येताना वाचनालयात थांबून माझ्यासाठी पुस्तक आणते. स्वतः वाचत नाही. निवडत बसायला तिला वेळ नसतो. टेबलावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग असतो, त्यातलं सगळ्यात वरचं उचलायचं आणि निघायचं. त्यामुळे गेल्या वर्षभरात माझ्या वाट्याला काय काय आलं ते विचारू नका.

त्या राजाच्या कादंबरीबद्दल माझं मत वाईट आहे. जो उठतो त्याच्या डोळ्यांतून अंगार निघतो. एवढ्या पानांत एकही माणूस साधं प्यायला पाणी मागत नाही. घोडे शेकड्यांनी धावतात, पण त्यांची लीद कोण काढतं, स्वयंपाक कोण करतं, याचा पत्ता नाही. आमची माणसं त्या काळी तिथेच कुठेतरी असणार ना? लेखकाला दिसली नाहीत. मी रागारागाने वाचत गेले आणि ओळी आणखी वाकत गेल्या. शेवटी राजाच्या नावाचं मधलं अक्षरच गायब व्हायला लागलं, तेव्हा मी छापखान्याला शिव्या देणं थांबवलं.

नागपूरच्या डॉक्टरने डोळ्यात थेंब टाकून बसवून ठेवलं, मग यंत्राला हनुवटी टेकवायला लावली. म्हणाला, "पडद्याचा मधला भाग झिजला आहे. घाबरू नका, आंधळ्या होणार नाही. चालाल, फिराल, आपलं आपण जेवाल. फक्त ज्याच्याकडे सरळ बघाल ते दिसणार नाही." मी विचारलं, औषध? तो म्हणाला गोळ्या देतो, पण झिजलेलं भरून येत नाही. मी विचारलं, आणि वाचणं? तो खाली मान घालून लिहीत होता. "आता आराम करा, बाई. टीव्ही ऐका." टीव्ही ऐका म्हणे! समोरचा पेपरवेट उचलून त्याच्या टेबलाच्या काचेवर आपटावा असं वाटलं. मी आभार मानून बाहेर आले.

त्या दिवशी माझ्यासोबत यजमान होते. त्यांना आणि सुनेला मी एवढंच सांगितलं, की गोळ्या दिल्या आहेत, हळूहळू बरं होईल. खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी पुस्तकं बंद झाली असती. आणि आषाढी पौर्णिमेला विहारात ग्रंथ कोणी माझ्यासमोर ठेवला नसता. वर्षावासाचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी बाया पाळीपाळीने धम्माचा ग्रंथ वाचतात, आणि पहिल्या दिवसाचं वाचन माझं. किती वर्षं झाली, आठवतही नाही. ते गेलं असतं तर माझ्याकडे उरलं काय? मला हे कोणाला समजावून सांगता आलं नसतं, म्हणून मी गप्प बसले.

डॉक्टरकडून आल्याच्या आठवड्यात ढिगातून आलं ते यशस्वी कसं व्हावं याचं पुस्तक. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, की माणसाने मनावर घेतलं तर अशक्य काही नाही. बापा, बापा, बापा! हा लेखक नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात कधी बाकावर बसला नसावा. तिथे बसलेल्या प्रत्येकाने मनावरच घेतलं होतं. पहाटे उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, आरशात पाहून हसा. आरशात मला माझे कान दिसत होते, केस दिसत होते, मधे तोंडाच्या जागी राखाडी डाग. हसू कोणाकडे पाहून? ते पुस्तक मी पलंगाच्या पायाखाली सारलं, आणि सून विचारायला लागली तेव्हा सांगितलं की फार छान आहे, तूच वाच. तिने वाचलं नाही, हे तिचं भलं झालं.

पुढचं भाषांतरित होतं, कुठल्याशा थंड देशातलं. एकाच घरात राहणाऱ्या दोन बहिणी आयुष्यभर एकमेकींशी बोलत नाहीत. कारण कोणी सांगत नाही. दोघी एकाच चुलीवर वेगवेगळा चहा करतात. माझा तर जीवच जडला त्या पुस्तकावर. तोवर मला एक युक्ती सापडली होती. सरळ न पाहता मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, आणि भिंग धरलं, तर एकेक शब्द हाती लागायचा. दिवसभरात दोन पानं. यजमान तुमसरच्या राईस मिलमध्ये मशीनवर होते, आता अंगणात बाजेवर असतात. ते म्हणाले, "काहून वो, पुस्तकावर रुसली काय? तोंड फिरवून बसून राहिली." मी म्हटलं, "तुमच्याकडे पाहून पाहून मान अशीच झाली." ते खो खो हसले. मी पण हसले, आणि तेवढ्यात भिंग सरकून ओळ हरवली ती सापडेचना.

मग एका प्राध्यापकाचं, आपल्या भागातल्या तलावांवरचं. त्यात बोडी हा शब्द छापलेला होता. शेताजवळची लहानशी तळी, आम्ही लहानपणी तीत डुंबायचो, आणि शाळेत तो शब्द लिहिला तर गुरुजी लाल रेघ मारायचे. तो इथे काळ्या शाईत, पुस्तकात! मला भडभडून आलं. पण बाकी पुस्तक म्हणजे रुक्ष हो. किती हेक्टर, किती घनमीटर. माणूस तलावाच्या पाळीवर कधी बसला नसेल तर असं लिहितो. तो एक शब्द मात्र मी पुन्हा पुन्हा भिंगाखाली घेतला.

आत्मकथनही आलं एक, आमच्याच समाजातल्या बाईचं. शेतमजुरी, अर्धपोटी शाळा, शिष्यवृत्ती, साहेबीण. सगळं खरं. एकेका पानावर माझीच आई उभी. पण मी चिडले. आमच्या लोकांची ही पुस्तकं नोकरीच्या दारापाशी येऊन थांबतात. पुढचं कोण लिहिणार? नोकरी संपते, पोरं नागपूरला, पुण्याला जातात, शरीर एकेक वस्तू परत मागायला लागतं, त्याचं काय? माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. धान रोवून संध्याकाळी चिखलाचे पाय धुवायची आणि विहारात खांबाला टेकून ऐकायची. मी पहिल्यांदा तिथे वाचलं तेव्हा तिने शेजारणीला सांगितलं, "माह्यीच पोरगी होय थे," जसं काही त्या शेजारणीला ठाऊकच नव्हतं. ते पातळसं पुस्तक संपायला दीड महिना लागला. वाचनालयाचा दंड सुनेने भरला आणि मला सांगितलं नाही.

कवितांशी माझं कधी पटलं नाही, पण कवितेचं पुस्तक आलं तेव्हा मी खूश झाले. पानावर शब्द थोडे, मोकळी जागा फार. कोपऱ्यातून एकेक शब्द उचलता यायचा. अर्थ लागला असं म्हणणार नाही. एका कवितेत पाऊस होता की पोलीस, ते मला शेवटपर्यंत नक्की सांगता येणार नाही. तरी मी ते पूर्ण केलं. ते मी वाचलेलं शेवटचं पुस्तक.

त्यानंतर आलेल्या पुस्तकांची मला नावंही माहीत नाहीत. उन्हाळा लागला तसे कोपऱ्यातले शब्दही गेले. पण सून आणत राहिली आणि मी हात पुढे करून घेत राहिले. संध्याकाळी भाजी चिरताना ती विचारायची, "काय आहे वो आई यात?" तिला तेवढंच लागायचं. आता काय सांगणार? मी रचायला लागले. एक पांढऱ्या वेष्टनाचं पुस्तक होतं, त्याची गोष्ट मी सांगितली ती अशी: नाकाडोंगरीकडच्या एका मुख्याध्यापकाची बायको म्हातारपणी सायकल शिकते. नवरा दवाखान्यात असतो. ती पडते, झडते, गुडघे फोडून घेते, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा एकटी सायकलवर डबा घेऊन पोचते त्या दिवशी खाट रिकामी असते. सुनेने विळी बाजूला ठेवली आणि पदराने डोळे पुसले. "किती चांगलं लिहिते वो हा माणूस," म्हणाली. मला आत कुठेतरी बरं वाटलं, लाज वाटायला हवी होती तिथे.

मोबाइलवर पुस्तकं ऐकता येतात हे मलाही माहीत आहे. ऐकून पाहिलं. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगते ना, तीच बाई सगळं वाचते, माणूस मेला तरी त्याच आवाजात. श्वाससुद्धा घेत नाही मेली. मी बंद केलं. हे सगळं मात्र मी त्याच मोबाइलला सांगते आहे, तो लिहून घेतो म्हणतात. काय लिहितो ते त्यालाच ठाऊक.

आषाढी पौर्णिमा आली. मी घाबरले नव्हते. ग्रंथाचा सुरुवातीचा भाग मला तोंडपाठ आहे. इतक्या वर्षांत तो अंगात मुरलाय, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, कोणत्या शब्दावर पान उलटायचं, सगळं. बाया पांढऱ्या साड्या नेसून बसल्या, मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. मग विहाराचे अध्यक्ष उठले. ते आमच्याच वयाचे, पेन्शनर. म्हणाले, "यंदा आपण ग्रंथाची नवी प्रत आणली आहे, मोठ्या अक्षराची. आपल्या म्हाताऱ्या बायांसाठी मुद्दाम नागपूरवरून आणली. आता कोणाच्याच नजरेले तरास नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्यांनी ग्रंथ उघडून माझ्यासमोर चौरंगावर ठेवला.

त्या दिवशी मी असं वाचलं की काय सांगू. आवाज लागला होता. मागच्या रांगेतलं लेकरूसुद्धा रडलं नाही. मी नेहमीच्या शब्दांवर पानं उलटली, नेहमीच्या ठिकाणी थांबले, आणि रिवाजाप्रमाणे थांबलेल्या पानावर खुणेचं पिंपळपान ठेवून ग्रंथ मिटला. साधू, साधू, साधू झालं. दोघीतिघी पाया पडल्या. घरी येताना मी स्वतःशीच म्हटलं, निभलं यंदाचं.

दुसऱ्या दिवसाची पाळी सुनेची होती. मीच आग्रह केला होता, घरातलं कोणीतरी पुढे यावं म्हणून. ती बिचारी घाबरून दुपारीच दुकानातून आली होती. तिने पिंपळपान काढलं आणि तिथून वाचायला लागली. चार ओळी झाल्या, आठ झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं. ती कालचंच वाचत होती. मी काल जे सगळं म्हणून मोकळी झाले होते तेच. मोठं अक्षर म्हणजे पानावर शब्द कमी, म्हणजे पानं जास्त. मी उलटली जुन्या प्रतीच्या हिशेबाने. मी कितीतरी पुढे गेले होते आणि पान राहिलं होतं मागे. एवढी साधी गोष्ट, आणि ती माझ्या डोक्यात आली नाही.

"अवो, हे तं कालच झालं ना?" एक बाई म्हणाली. "हो ना, बाईनं वाचलं हे सारं," दुसरी म्हणाली. सून थांबली. पानं पुढे चाळल्याचा आवाज आला, मग परत मागे. मग काहीच आवाज नाही. ती माझ्याकडे पाहत असावी. तिचा चेहरा मला दिसला नाही, पांढऱ्या पदराची किनार तेवढी दिसली. मग ती मोठ्याने म्हणाली, "आईनंच सांगितलं होतं, पहिला भाग दोनदा वाच, नव्या बायांले समजत नाही म्हणून." आणि खाली मान घालून पुढे वाचायला लागली. खोटं बोलणार नाही असं आम्ही सगळ्यांनी मिळून नुकतंच म्हटलं होतं, तिनेही.

आम्ही घरी आलो. चपला काढल्यावर म्हणाली, "कधीपासून, आई?"

"उन्हाळ्यापासून."

"मंग मी आणून राहिली होती ते पुस्तकं?"

मी चपला भिंतीशी सरळ करत राहिले.

"थे सायकलवाली?"

"ती माझी होती. मी बनवली."

"मी दुकानातल्या साऱ्या पोरींले सांगितली थे गोष्ट. रडली मी तिच्यासाठी." तिचा आवाज फाटला. "कायले खोटं बोलल्या मले?"

मला राग आला. स्वतःचाच असणार, पण निघाला तिच्यावर. म्हटलं, "तू नाही बोलली काय आज? पंचशील घेऊन?"

"तुमच्यासाठी बोलली मी."

मीही तुझ्यासाठीच बोलले असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नव्हतं. मी माझ्यासाठी बोलले होते. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी ओट्यावर बसून राहिले. रडू आलं, ते मात्र डोळ्यांच्या अगदी मधोमध आलं.

तिने कोणाला सांगितलं नाही. बाईंचा घसा बसला आहे असं विहारात कळवलं. आता मी ऐकणाऱ्यांत बसते, खांबाजवळ, जिथे आई बसायची. अध्यक्ष एकदोनदा म्हणाले, "बाई, आता तं मोठं अक्षर आहे, घ्या की तुम्हीच." मी घशाला हात लावून मान हलवली. आईच्या वेळी घरात अक्षर नव्हतं. माझ्यानंतर सुनेला त्याची गरज वाटत नाही. मधे माझं एकटीचं आयुष्य तेवढं वाचण्यात गेलं, आणि त्यातून मी परत त्याच खांबापाशी आले. हे मनाला कितीही समजावलं तरी पटत नाही. पटायचं तरी कशाला?

पुस्तकं आणणं तिने कायमचं बंद केलं नाही. एक-दोन आठवडे रिकाम्या हाताने आली, आणि मीही विचारलं नाही. मग काल आली ती पुस्तक घेऊन. ढिगातलं नाही, म्हणाली, वाचनालयातल्या बाईला विचारून चांगलं मागून घेतलं. हातपाय धुऊन, कुकर लावून ती माझ्या शेजारी पाटावर बसली. "मी वाचून दाखवते तुम्हाले. हसू नका मातर."

मी हसले नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं ती वाचते. एकेक शब्द वेगळा, स्वल्पविराम गेला तेल लावत. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजलेले असतात, एका हाताने ती पोटरी दाबत होती. पण ते पुस्तक तिच्या वाचण्यातूनही चांगलं आहे हे पाच मिनिटांत कळलं. एक माणूस खूप वर्षांनी गावात उतरतो आणि स्वतःच्याच घराचा रस्ता त्याला सापडत नाही. गावाची नुसती वाट लागलेली असते. चौकात नळावर एक बाई पाणी भरत असते, तिला तो आपल्याच वडिलांचं नाव सांगून घर विचारतो. मी श्वास धरून ऐकत होते. कितीतरी महिन्यांनी पुढे काय होणार ते मला रचायचं नव्हतं. सुनेने वाचलं, "ती बाई घागर खाली ठेवते, त्याच्याकडे नीट पाहते आणि म्हणते,"

आणि कुकरची शिटी झाली. "आलीच," म्हणून तिने उघडं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठली. मग यजमानांना भूक लागली, मग तिच्या आईचा फोन आला, मग तिने भांडी घासली, आणि मग पाय दुखतात म्हणून ती आडवी झाली. मी हाक मारली नाही. आजही ती अजून दुकानातून यायची आहे.

त्या बाईने त्याला काय सांगितलं ते पुढच्याच ओळीत छापलेलं आहे. पुस्तक माझ्या मांडीवर उघडं आहे.